ताईचं हिरवं

जून आला की शिरूरच्या झेरॉक्सच्या दुकानांतून गरम कागदाचा वास सुटतो. एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत प्लास्टिकच्या फायली छातीशी धरलेली पोरं-पोरी दिसायला लागतात. आमच्या भागात जूनचा पाऊस नुसता तोंड दाखवून जातो. ढग येतात, अंधारून येतं, वारा सुटतो, अंगणातलं पातेलं उडतं आणि ढग तसेच भीमाशंकरकडे परत गेल्यासारखे विरून जातात. मागं राहतो तो उकाडा आणि साठवणीच्या चाळीत सडायला लागलेल्या कांद्याचा वास. त्या वासात गरम कागदाचा वास मिसळला की माझं डोकं सणकतं. एवढी वर्षं झाली, तरी सणकतं. लोकांना ऋतूंच्या कसल्या कसल्या हळव्या आठवणी असतात. मला या दिवसांची एकच आठवण आहे आणि ती हळवी नाही.

या फेब्रुवारीत मला बढती मिळाली. मी शेतीखात्यात आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या टेबलांसमोर उभी राहिले, आता माझ्या टेबलासमोर लोक उभे राहतात. पहिल्याच दिवशी आमच्या कार्यालयातल्या जुन्या लिपिकांनी माझ्यासमोर एक हिरवं जेलपेन ठेवलं. म्हणाले, "मॅडम, आता निळं सोडा. आता तुम्ही हिरव्यावाल्या." सगळे हसले, पेढे वाटले. मीही हसले. मग पहिल्या कागदावर सही करायला पेन टेकवलं आणि कागदावर जो रंग उमटला तो बघून हात तिथंच थांबला. पोपटी, भडक, नवीन प्लास्टिकच्या बादलीचा असतो तसला हिरवा. हा रंग मला ओळखीचा होता. मी सही अर्धी टाकून निळ्या पेननं पुरी केली. कागदावर माझं नाव हिरवं आणि आडनाव निळं. लिपिकांना वाटलं, पेन बिघडलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हिरवी शाई म्हणजे साहेबाची शाई, असं आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. कुठं लिहिलंय, कुणी लिहिलंय, कुणाला विचारावं, ते मात्र कुणाला माहीत नसतं. पूर्वी कुठल्याही प्रवेशाच्या फॉर्मला गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, सगळ्याच्या झेरॉक्स जोडायच्या आणि त्या झेरॉक्स खऱ्या आहेत अशी राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणायची. म्हणजे तुमची गुणपत्रिका तुमचीच आहे, हे तुम्हाला आयुष्यात कधी न पाहिलेल्या माणसानं हिरव्या शाईत लिहून द्यायचं. ही सक्ती जाऊन बरीच वर्षं झाली, आता पोरांची स्वतःची सही चालते. पण अजून माझ्या दारात पोरं येतात. कारण अजून कुठला ना कुठला क्लार्क त्यांना खिडकीतून सांगतो, "हिरवी सही आणा."

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही कवठे येमाईच्या. आबांची शेवंती होती, झेंडू होता, बांधाच्या खालच्या तुकड्यात मेथी-कोथिंबीर. ताईची बारावी झाली तेव्हा मी सहावीतून सातवीत गेलेली. घरात पहाटेपासून फुलं तोडायची, जुड्या बांधायच्या आणि मग शाळेत जायचं. ताईच्या नखांत शेवंतीचा कडू हिरवा रस कायम असायचा. तो साबणानं जायचा नाही. पेपरात उत्तरपत्रिकेला डाग पडू नये म्हणून ती परीक्षेच्या आदल्या दिवशी नखांना लिंबू चोळायची.

तिला शाईपेनचं वेड होतं. दहावीला पहिली आली म्हणून मामांनी दिलेलं एक पेन होतं तिच्याकडं, मरून रंगाचं, पितळी क्लिपचं. आमचं आजोळ तळेगाव ढमढेरे. तिथल्या आठवडे बाजाराच्या दिवशी एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात तिला फळीच्या मागं धूळ खात पडलेली हिरव्या शाईची दौत दिसली. दुकानदार म्हणाला, "न्ये तू ही. शाळंत चालत न्हाई म्हणून कुनी घेतच न्हाई." ताईनं ती दौत ओढणीखाली लपवून आणली, जशी काही चोरलीच होती.

पण तो हिरवा तिला पटला नाही. "लई बोंबलतोय," म्हणाली. मग सगळी उन्हाळ्याची सुट्टी तिचं एकच चाललेलं. औषधाच्या ड्रॉपरनं त्यात निळ्या शाईचे थेंब टाकायचे, जुन्या वहीच्या समासात एक रेघ ओढायची, वाळू द्यायची, उन्हात धरायची, मान हलवायची. एक थेंब जास्त झाला की सगळं पुन्हा. मी शेजारी बसून फुंकर मारून रेघा वाळवायचे. एका दुपारी तिनं रेघ ओढली आणि ड्रॉपर बाजूला ठेवून दिला. मेथीची जुडी सोडली की आतल्या बाजूला, ऊन न लागलेली पानं असतात, तसा तो रंग होता. दाट, थंड. "हे माझं," ती म्हणाली. "हे आता न्हाई बदलायचं."

मग निकाल लागला. ताईला चांगले गुण पडले. तिला नर्सिंगला जायचं होतं, पुण्याला. मामांनी पुण्याहून फॉर्म आणि माहितीपुस्तिका आणून दिली. एकच फॉर्म. ताईनं दोन दिवस तो नुसता वाचला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर पाट मांडला, हात धुतले, पुसले आणि लिहायला बसली. वारा होता म्हणून मी फॉर्मची दोन टोकं दाबून धरली होती. तिच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद होता तो. मग तो तिनं तिच्या सगळ्यात आवडत्या शाईत भरला. यात न समजण्यासारखं काय आहे? मला अजून कळत नाही, यात न समजण्यासारखं काय आहे.

तिचं अक्षर असं होतं की फॉर्म छापल्यासारखा दिसायला लागला. आबा शेजारून बघून गेले. "झाक," म्हणाले.

फॉर्मच्या शेवटच्या पानावर वर्तणुकीचा दाखला होता. त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी होती आणि झेरॉक्सवरही. आबा, ताई आणि मी, आम्ही तिघं शिरूरला गेलो. मी उगीच, हट्टानं. आबा शिरूर म्हणायचे नाहीत, घोडनदीच म्हणायचे. कुठलं कार्यालय ते सांगत नाही. ती इमारतही आता राहिलेली नाही. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगमध्ये होते. आम्ही व्हरांड्यात दुपारपर्यंत उभे, मग बसलेले, मग पुन्हा उभे, कारण शिपाई म्हणाला, "बाकड्यावर स्टाफ बसतो." तिसऱ्या दिवशी साहेब होते. आणि लगेच पुढच्या दिवशी पुण्यात फॉर्म द्यायची शेवटची तारीख होती.

आम्हाला आत बोलावलं तेव्हा माझ्या पायाला मुंग्या आलेल्या. आबांनी चपला बाहेर काढल्या. कार्यालयात कुणी चपला काढत नाही हे तेव्हा मला कळत नव्हतं. आता कळतं आणि अंगावर काटा येतो. पंख्याखाली एक गोरटेले, नीट भांग पाडलेले गृहस्थ. आवाज मऊ. त्यांनी झेरॉक्स बघितल्या, मूळ कागद बघितले, सगळं ठीक होतं. मग त्यांनी फॉर्म उघडला.

"हा कुणी भरलाय?"

आबा हात जोडून म्हणाले, "चुकलं काय व्हय सायेब?"

"मी विचारतोय, कुणी भरलाय?"

तेव्हा मी बोट दाखवलं. माझ्या ताईकडं. "हिनं," मी म्हणाले. मला वाटलं होतं, ते अक्षराचं कौतुक करणार.

साहेबांनी ताईकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "हिरवी शाई? तू साहेब झालीस का? अजून कॉलेजात पाय नाही टाकला. ही शाई कोण वापरतं माहीत आहे?" मग त्यांनी खिशाला लावलेलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि ताईच्या फॉर्मवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. आडवं 'रद्द' लिहिलं. खाली ताईचा दाट, थंड हिरवा आणि त्यावरून तो पोपटी, बोंबलणारा. "नवा फॉर्म आण. निळ्या शाईत. मग देतो सही."

आबांनी ताईच्या कानाखाली मारली. तिथंच, साहेबांसमोर. त्यांचा हात ताईवर त्याआधी कधी उठला नव्हता. मग पुन्हा हात जोडले आणि म्हणाले, "पोर हाय सायेब, तिला कळत न्हाई." साहेब म्हणाले, "अहो, मारता कशाला, मुलगी आहे." त्यांनी हे असं म्हटलं की जणू दयाळूपणा त्यांचा आणि अडाणीपणा आमचा.

नवा फॉर्म पुण्यात. पुणं त्या संध्याकाळी आम्हाला विलायतेएवढं लांब. एसटीत तिघं एका सीटवर बसलो. ताईच्या गालावर बोटं उठलेली. तिनं खिडकीबाहेर बघत तो गाल माझ्या बाजूला येणार नाही असं तोंड फिरवून घेतलं होतं. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. शाईची दौत फळीवर राहिली. शाई वाळून तिची खपली झाली, तेव्हा आईनं दौत धुतली आणि त्यात हिंगाची पूड ठेवली.

मी नोकरीला लागल्यावर एकदा घरातली पत्र्याची पेटी आवरत होते. तळाशी ती माहितीपुस्तिका सापडली. सूचनांचं पान उघडलं. तिथं लिहिलं होतं, अर्ज शाईने, स्वच्छ अक्षरात भरावा. बस्स. रंगाचा एक शब्द नाही. मी उभ्या उभ्या तीन वेळा वाचलं. मग पुस्तिका घेऊन तडक बाहेर आले. आबा बाजेवर बसून शेवंतीची रोपं निवडत होते. मी म्हणाले, "आबा, हे वाचा. हिरवी चालत होती. कुठंही नाही म्हटलेलं नाही. तुम्ही तिला का मारलंत?"

आबांनी पुस्तिका हातात घेतली नाही. दोन रोपं निवडून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "त्याला तर मारता येत न्हवतं. मंग जवळ कोन व्हतं?"

मला वाटलं होतं, ते म्हणतील चुकलं. किंवा म्हणतील आठवत नाही. दोन्हींना माझ्याजवळ उत्तर तयार होतं. याला नव्हतं. आबा गेले त्याला आता चार वर्षं झाली आणि अजूनही नाही.

तर अशा या हिरव्याचं पेन माझ्या टेबलावर आलं. मी ते खणात टाकलं आणि ठरवलं, मला वापरायचंच असेल तर माझं हिरवं मी शोधेन. पुण्यातल्या एका दुकानातून सात नमुन्यांच्या बारक्या बाटल्या मागवल्या, कुरिअरनं आल्या. शाईपेन घेतलं. रात्रीचं जेवण झालं की डायनिंग टेबलावर बसायचे आणि रेघा ओढायचे. एक हिरवा कांद्याच्या पातीचा, टोकाला पिवळा पडणारा. एक विहिरीतल्या शेवाळाचा. एक एसटीच्या जुन्या सीटच्या रेक्झिनचा. एक इतका गडद की वाळल्यावर काळाच. एक उसाच्या शेंड्यावरच्या वाढ्याचा, कोवळा आणि धारदार. नवरा म्हणाला, "सगळे सारखेच तर दिसतात." मी त्याच्यावर केवढ्यानं ओरडले. बिचाऱ्याचा काय दोष? पण सारखे नव्हते ते. एकही ताईचा नव्हता आणि एक तर हुबेहूब त्या साहेबाचा होता. ती बाटली मी मोरीत ओतायला निघाले, पण हात गेला नाही, झाकण घट्ट लावून ठेवून दिली. रंगाचा काय गुन्हा होता?

रविवारी बाटल्या घेऊन ताईकडं गेले. ती दौंड तालुक्यात राहते, चौफुल्याच्या पुढं. शिरूरहून न्हावऱ्यावरून गाडीनं तास-सव्वा तास. त्या बाजूला गेलं की उसाच्या भिंतींतून रस्ता जातो आणि गुऱ्हाळांचा गोडसर जळका धूर गाडीत शिरतो. ताई गावात आशा सेविका आहे. गावातली कुठली बाई कितव्या महिन्याची, कुणाला पाय सुजलेत, कुणाचं बाळ दूध ओढत नाही, सगळं तिला तोंडपाठ. गेल्या थंडीत तिनं गुऱ्हाळावरच्या एका मजूर बाईला नुसतं चालताना बघून म्हटलं, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. नेलं. बाई आणि बाळ दोन्ही वाचली. कागदावर सही झाली डॉक्टरांची, हिरवी. ताईचं नाव कुठंच नाही. मी हे ऐकून पेटले होते. ताई म्हणाली, "अगं, बाई वाचली न्हवं? सही काय चाटायची हाय?" मला तिचा हा स्वभाव अजिबात आवडत नाही. मला वाटतं, तिनं चिडावं. तिचा राग मी एवढी वर्षं वाहतेय आणि ती आपली मोकळी.

मी बाटल्या ओट्यावर मांडल्या.

"ही काय, औषधं आनली का?"

"शाई आहे. हिरवी. यातली तू निवडून दे मला."

"मी कशाला?"

"तुला कळतं."

ती हसली. पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि लसीकरणाच्या जुन्या कागदांची मागची कोरी बाजू पुढं ओढली. मी पेन बुडवून दिलं. पहिली रेघ तिनं जपून ओढली, दुसरी झरकन. "ही पाणचट. ही वाळली की काळी पडंल. ही चांगली हाय, पन लई गोड. आन् ही..." त्या पोपटी बाटलीपाशी ती थांबली. "ही लई बोंबलती," ती म्हणाली आणि बाजूला सरकवली. मग आत जाऊन बाळांच्या आयर्नच्या औषधाचा रिकामा ड्रॉपर घेऊन आली आणि दोन बाटल्यांतले थेंब एका वाटीत मोजायला लागली.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "ताई, तेव्हा त्या ऑफिसात मी तुझ्याकडं बोट दाखवलं होतं. मी गप्प बसले असते तर..."

"तू बोट दाखवलं व्हय?" तिनं मान वर केली नाही. "मला न्हाई आठवत."

"तुला काहीच आठवत नाही?"

"आठवतं की. त्येनं रेघ मारली, पेनाचं टोपन लावलं आन् घंटी वाजवून च्या मागवला. माझ्या डोळ्यासमोर. जसं काय कायबी झालंच न्हाई." थेंब मोजायचे थांबले. "आबांचा हात मला इसरता आला. आबांचं मला समजलं. त्यो च्या न्हाई इसरता येत."

म्हणजे होता. राग होता. माझ्यापेक्षा नीट घडी घालून ठेवलेला. मला कसलं बरं वाटलं, सांगता येत नाही.

त्या वेळी ताईची मुलगी ऋतुजा बाहेरून आली, हातात प्लास्टिकची फाईल. यंदा तिची बारावी झाली. तिला हॉटेल मॅनेजमेंटला जायचंय, नर्सिंगचं नाव काढलं तर नाक मुरडते. "मावशी, सगळ्याच्या झेरॉक्स आणल्या," म्हणाली. आणि मी पर्स उघडली. पर्समध्ये माझा शिक्का होता. रविवारी, बहिणीच्या घरी जाताना, मी पदनामाचा शिक्का आणि शाईचं पॅड पर्समध्ये टाकून आणलं होतं. का आणलं ते स्वतःशी बोलले नव्हते, पण आणलं होतं. "आण इकडं," मी म्हणाले. "सगळ्यांवर सही करून देते. कुठला क्लार्क नाही म्हणतो बघू."

ताई म्हणाली, "नगं."

"अगं, मी आहे ना. घरची."

"म्हनून तर नगं. तिची सही तिची ती करील. आता चालती तशी. न्हाई घेतली तर भांडंल."

"पण मला करायची आहे!" हे मी जरा मोठ्यानंच बोलले.

ताईनं चष्मा काढला. "दिसतंय मला. किती वर्सं थांबलीस तू ह्या सहीसाठी, समदं दिसतंय. पन ती तुझी हौस हाय बाई. माझ्या पोरीच्या कागदावर नगं फेडू."

मी उठून अंगणात गेले. तोंड पेटलं होतं. समोर गुऱ्हाळाच्या धुराची रेघ उसावरून तिरकी जात होती. मला वाटत होतं, मी एवढी शिकले, परीक्षा दिल्या, बदल्या सोसल्या, ते सगळं कुणासाठी? तिच्यासाठीच ना? आणि तिथं उभी असताना मला माझंच खोटं दिसलं. मला त्या साहेबाची खुर्ची मोडायची नव्हती. मला त्या खुर्चीत बसायचं होतं आणि ताईला दारात न थांबवता आत बोलवायचं होतं. एवढीच माझी झेप. माझ्या पर्समधला शिक्का मला आबांच्या बाहेर काढलेल्या चपलांसारखा दिसला. तीच भीती, फक्त उलटी शिवलेली.

घरात आले तेव्हा ऋतुजा जमिनीवर बसून झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर स्वतःची सही करत होती, निळ्या बॉलपेननं, जीभ बाहेर काढून. ताईनं वाटी माझ्याकडं सरकवली. "घे. झाली तुझी." मी रेघ ओढली. तो तिचा जुना हिरवा नव्हता. त्यात थोडी राख मिसळल्यासारखी होती, पहाटेच्या मेथीपेक्षा संध्याकाळच्या मेथीच्या जवळचा. पण मला कळलं, हाच. आता शोधायचं संपलं. तिनं ती शाई आयर्नच्या औषधाच्या बाटलीत भरून दिली आणि वर चिकटपट्टीवर लिहिलं, 'पिऊ नये'.

पुढच्याच आठवड्यात माझ्या टेबलासमोर एक मुलगी आली, कोरेगाव भीमाकडची, कोमल नाव. वडील तिकडच्या कारखान्यात कामाला. तिसऱ्यांदा हेलपाटा झाला होता तिचा. कॉलेजच्या खिडकीवर तिच्या स्वतःच्या सहीच्या झेरॉक्स घेत नव्हते. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि कॉलेजला फोन लावला.

"मॅडम, आम्हाला नियम नका सांगू," पलीकडचा म्हणाला. "आमच्याकडं पहिल्यापासून हिरव्या सहीशिवाय घेत नाहीत. तुम्ही तिथं एक सही ठोका, विषय संपला. एवढं काय त्यात?"

"एवढं काय त्यात?" मी म्हणाले, आणि मग जे बोलले ते सगळं नीट आठवत नाही. आमचे लिपिक उठून दारात आले एवढं आठवतं. मुलीची गुणपत्रिका मुलीचीच आहे हे मी का सांगू, तिला तोंड नाही का, तुम्हाला डोळे नाहीत का, असं काहीतरी. कुठल्या नियमात लिहिलंय, ते पान मला वाचून दाखवा, असंही. त्यानं फोन ठेवून दिला. कोमल घाबरून उभी राहिली होती. "मॅडम, राहू द्या. सही द्या ना तुम्ही," ती म्हणाली. तिचे हात जोडले जात होते. मी ते हात धरून खाली केले. जरा जोरातच केले असतील.

सही दिली नाही. शिक्का काढला नाही. साधा कोरा कागद घेतला आणि कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र लिहिलं. पदनाम लिहिलं नाही, फक्त नाव. साक्षांकनाची सक्ती राहिलेली नाही, या विद्यार्थिनीनं स्वतः सही केलेले कागद आपण स्वीकारणं बंधनकारक आहे, एवढंच, चार ओळी. आणि ते लिहिलं माझ्या शाईपेननं, ताईच्या शाईत. का? कारण ती माझी आवडती शाई होती आणि मला ते पत्र माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोमलचा फोन आला. मागं कॉलेजच्या आवारातला कालवा ऐकू येत होता. "मॅडम, घेतले! सगळे कागद घेतले! पैलं ते वाचायलाच तयार नव्हते. मग कागद उघडला आन् हिरवी शाई दिसली, तर सर लगेच म्हणाले, अरे, साहेबांचं पत्र हाय, घ्या घ्या. वाचलंबी न्हाई त्यांनी."

मी म्हणाले, "छान झालं बाळा. मन लावून शिक." एवढंच म्हणू शकले. फोन ठेवला. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं आणि माझे कान तापले होते. चार ओळी, एकेक शब्द तोलून लिहिलेल्या. वाचल्यासुद्धा नाहीत.

मग मी खणातलं निळं बॉलपेन काढलं, आमच्या लिपिकांच्या खिशात असतं तसलं, आणि दुसरं पत्र लिहायला घेतलं. 'महोदय, कोमलचे कागद आपण स्वीकारलेत. तिला माझं पत्र आणावं लागलं, ते लागायला नको होतं. उद्या आपल्या खिडकीवर दुसरी मुलगी येईल. तिच्या हातात कुणाचं पत्र नसेल, कसलीच हिरवी शाई नसेल. तिचेही कागद घ्या. आणि हे पत्र शेवटपर्यंत वाचलंत, असं मला कळवा.'

पत्र पोस्टानं पाठवलं, पोच घेऊन. पंधरा दिवस झाले. उत्तर आलेलं नाही. सोमवारी मी स्वतः जाणार आहे.